बसमधून बंदर दिसत नाही

जहाजावर राहणाऱ्याला इतिहास कळत नाही, बुफे कळतो, असं कुणी म्हटलं की मराठी प्रवासी मंडळींत हमखास टाळी पडते. शंभरेक उतारूंचं लहान जहाज, ग्रीस, तुर्कस्तान, सिसिलीचा किनारा, रोज एक प्राचीन शहर आणि संध्याकाळी डेकवर गार पेय, या चित्रात टवाळीला जागा भरपूर आहे. आरोपपत्रही ठरलेलं असतं. हे लोक चार तासांत शहर उरकतात. पैसेवाल्या निवृत्तांचा हा खेळ आहे. समुद्र घाण होतो. आणि सगळ्यांत मोठा आरोप असा की अवशेष जमिनीवर असतात, तेव्हा ते जमिनीवरूनच बघावेत. सावकाश, पाठीवर पिशवी टाकून, गावच्या बसने. जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल, त्याचा इतिहासाशी संबंध काय?

काही आरोपांत तथ्य आहे, ते पुढे येईलच. हा शेवटचा आरोप मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो अभ्यासूपणाचा आव आणून केला जातो म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. अवशेष जमिनीवर आहेत हे कबूल. पण ती शहरं जमिनीसाठी वसलेली नव्हती. त्यांचं धान्य समुद्रावरून यायचं, शत्रू समुद्रावरून यायचा, पैसा समुद्रावर मिळायचा. त्यांचा दर्शनी दरवाजा पाण्याकडे होता. बसने जाणारा परसदारातून आत शिरतो, न्हाणीघर आणि अडगळीची खोली बघतो आणि वाडा पाहिला म्हणून सांगतो.

तुर्कस्तानच्या नैऋत्य टोकावरचं क्निडॉस घ्या. दात्चा गावापासून पस्तीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे. बदाम आणि ऑलिव्हच्या बागांतून गाडी जाते, प्रवास सुरेख होतो, यात वाद नाही. रस्ता संपतो तिथे तिकिटाची खिडकी येते आणि मग उतारावर दगडच दगड. हे शहर इथे का? पाणी बेताचं, सपाट जमीन नाही, भोवती उघडा डोंगर. रस्त्याने आलेल्याला याचं उत्तर माहितीफलकावर वाचावं लागतं. जहाजातून आलेल्याला ते वाचावं लागत नाही. उत्तरेकडे निघालेलं गलबत या भूशिराला वळसा घालू लागलं की एजियनचा उन्हाळी वारा थेट तोंडावर येतो. वारा पडेपर्यंत थांबणं भाग, आणि थांबायला जागा हवी. इथे एका चिंचोळ्या पट्टीच्या दोन अंगांना दोन बंदरं आहेत. एक व्यापारी, दुसरं लहान, युद्धनौकांचं. त्यात वीस ट्रायरीम मावत असं प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवलं आहे. वाऱ्यासाठी खोळंबलेल्या खलाशांच्या खिशावर हे शहर श्रीमंत झालं, प्रॅक्सिटेलीस या शिल्पकाराची अ‍ॅफ्रोडाइटी विकत घेण्याइतकं. आजची शिडाची जहाजंही त्याच वाऱ्यापायी त्याच व्यापारी बंदरात नांगर टाकून बसतात. शहराच्या जन्माचं कारण तुमच्या जहाजाच्या तांडेलाला आजही लागू पडतं, आणि मग तरंगत्या हॉटेलाचा इतिहासाशी संबंध नाही असं आपण म्हणायचं!

याच भूशिरालगतच्या कड्यावर एका थडग्याच्या माथ्यावर संगमरवरी सिंह होता, अनेक टन वजनाचा. पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने 1850च्या दशकाच्या अखेरीस तो उचलून लंडनला नेला, आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो कोणासाठी उभा केला होता? वाटसरूंसाठी खासच नव्हे; त्या कड्यावरून वाटसरू जातच नव्हते. समुद्रावरून जाणाऱ्याला दुरून दिसावा म्हणून तो तिथे होता. अ‍ॅथेन्सजवळच्या सूनियनच्या भूशिरावरचं पोसायडनचं देऊळ तसंच. पाण्यापासून साठेक मीटर उंचीवर पांढरे खांब उभे, म्हणजे घरी परतणाऱ्या अथेनियन खलाशाला अ‍ॅटिका आल्याची खूण. आज संध्याकाळी अ‍ॅथेन्सहून बसगाड्या भरून लोक तिथे येतात आणि देवळाजवळ उभे राहून समुद्राचे फोटो काढतात. ज्या बाजूने देऊळ बघायचं त्या बाजूचे फोटो ते देवळातून काढतात. (बायरनने तिथल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं आहे, तेव्हा गडकोटांवर नावं कोरणाऱ्या आपल्या वीरांनी एकाकी वाटून घेऊ नये.)

खरं तर मराठी माणसाला हे पटवून द्यायची वेळच यायला नको. जंजिरा मराठ्यांना का घेता आला नाही, हे मुरूडच्या वाळूत भेळ खात कुणाला कळलं आहे? राजपुरीहून होडीत बसावं लागतं. तट अंगावर येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडतो. जंजिऱ्यासाठी होडी हवी हे ज्याला पटतं त्याला सिराक्यूजसाठी जहाज हवं हे का पटू नये?

सिराक्यूजवर जरा थांबतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत पक्का पुरावा तिथे आहे. सिसिलीतलं हे ग्रीक शहर. कतानियाहून बसने येणारा प्रवासी आधी ग्रीक नाट्यगृह बघतो, मग डायोनिशियसचा कान नावाची गुहा, मग ऑर्टीजिया बेटावर जाऊन कॅथीड्रल. त्या कॅथीड्रलच्या भिंतीत अथीनाच्या देवळाचे डोरिक खांब अजून उभे आहेत, आणि ते बघण्यासारखेच आहेत. पण सिराक्यूजचं नाव जगाच्या इतिहासात ज्या घटनेमुळे आहे ती या तीनही ठिकाणी घडलेली नाही. ती घडली पाण्यावर. ख्रिस्तपूर्व 415मध्ये अ‍ॅथेन्सने आपलं भलंमोठं आरमार इथे पाठवलं आणि 413मध्ये ते इथेच बुडालं. लहान जहाजं आजही त्याच मोठ्या बंदरात शिरतात. शिरताना उजव्या हाताला ऑर्टीजिया असतं, डाव्या हाताला प्लेमिरियनचं भूशिर, आणि मध्ये जेमतेम किलोमीटरभर रुंदीचं तोंड. आत गेलात की पाण्याची प्रशस्त परात, पलीकडे सखल, दलदलीचा किनारा. अथेनियन तळ त्या दलदलीच्या बाजूला होता.

आता डेकवर उभं राहून हिशेब करा. ऑर्टीजिया शत्रूच्या ताब्यात. प्लेमिरियनवर अथेनियन सेनापती निसियसने किल्ले बांधले होते, तोवर आरमाराला रसद मिळत होती. गिलिपस नावाच्या स्पार्टन सेनानीने ते घेतले, तेव्हा बाहेर पडायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना शत्रू उभा राहिला. तरीही निघून जाता आलं असतं. 27 ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण झालं, ज्योतिषांनी तीन नव्वे दिवस थांबायला सांगितलं, आणि निसियस थांबला. तेवढ्यात सिराक्यूजकरांनी बंदराच्या तोंडावर जहाजं आडवी नांगरून वाट बंद केली. शेवटची लढाई या परातीत झाली. जवळपास दोनशे जहाजांना वळायलासुद्धा जागा नव्हती, आणि काठावर उभं असलेलं पायदळ आपलं नशीब डोळ्यांसमोर ठरताना बघत होतं. उरलेले जमिनीवरून पळाले आणि पकडले गेले. निदान सात हजारांना दगडांच्या खाणीत कोंडलं, असं ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. बसने येणाऱ्या प्रवाशाला खाणी दाखवतात. म्हणजे त्याला गोष्टीचं शेवटचं पान मिळतं. बंदराचं ते अरुंद तोंड पाण्याच्या पातळीवरून बघितल्याखेरीज निसियसची भीती आणि त्याचा मूर्खपणा, दोन्ही मनात उतरत नाहीत. थुसिडिडीसचं सातवं पुस्तक पुण्यात बसून वाचता येतं, पण ते वाचताना बंदराचा आकार प्रत्येक जण मनाने रचतो आणि बहुतेक वेळा खूपच मोठा रचतो.

इथे हुशार टीकाकार एक पुरावा पुढे करतात आणि आपण जिंकलो असं समजतात. ते म्हणतात, बरं, एफेसस? एफेससला तुमचं जहाज जाऊन दाखवा! जात नाही, हे खरंच आहे. जहाज थांबतं कुशादासीला, तिथून वीसेक किलोमीटर बस. कायस्ट्रॉस नदीने, म्हणजे आजच्या कुचुक मेंदेरेसने, शतकानुशतकं गाळ आणून एफेससचं बंदर बुजवलं. समुद्र आता कित्येक किलोमीटर मागे गेला आहे. शेवटी इथेही बसच, मग जहाजाचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल.

उपयोग हाच की ती बस का घ्यावी लागली, हा प्रश्न जहाजातून आलेल्यालाच पडतो. इझमीरच्या विमानतळावरून थेट आलेल्याच्या मनात समुद्र नसतोच, त्यामुळे समुद्र गेला याचं त्याला काही वाटत नाही. नाट्यगृहापासून निघालेला तो रुंद, खांबांनी सजलेला राजरस्ता पुढे लव्हाळ्यांत आणि चिखलात का संपतो, याकडे बहुतेक टोळ्यांचं लक्षही जात नाही. त्या टोळ्या सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटोसाठी रांगेत असतात. तो रस्ता बंदरावर जात होता. रोमन काळात आशिया प्रांताची राजधानी असलेलं हे शहर लढाईत हरलं म्हणून नव्हे, मुख्यतः गाळात रुतलं म्हणून विझलं.

मिलेटसला हे आणखी ठसठशीत दिसतं. शहराला चार बंदरं होती. आज नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवरून बघितलं तर चहूकडे बुयुक मेंदेरेस नदीचं मैदान आणि कापसाची शेतं. त्या मैदानात एक टेकाड आहे. ते लाडे बेट. ख्रिस्तपूर्व 494मध्ये त्या बेटापाशी आयोनियन ग्रीकांच्या 353 जहाजांनी इराण्यांच्या 600 जहाजांना तोंड दिलं, असा हिरोडोटसचा आकडा आहे. आकड्यांवर शंका घ्या हवं तर, पण आरमारी लढाईचं ठिकाण आज शेतात आहे यावर शंका नको. रात्रभर लाटांवर झोपून सकाळी त्या कापसासमोर उभं राहणाऱ्याला जो धक्का बसतो तो एसी बसमधून उतरणाऱ्याला बसत नाही. जिथे जहाज पोहोचू शकत नाही तिथेही, किंबहुना तिथेच, जहाजाने आलेल्याला जास्त कळतं.

तासांचा आरोप त्या मानाने हलका आहे. जहाजवाले चार तासांत शहर उरकतात. मग अ‍ॅथेन्सला दोन रात्री राहून अ‍ॅक्रोपोलिस, संग्रहालय, सूनियन आणि खरेदी करणारी जमिनीवरची सहल किती तास देते? डेलॉस बेटावर तर कुणालाच रात्री राहता येत नाही. मिकोनॉसहून होडीने यायचं आणि संध्याकाळच्या आत निघायचं. अपोलोच्या या बेटावर कुणी जन्मू नये आणि मरू नये, असा हुकूम अथेनियनांनी ख्रिस्तपूर्व 426मध्ये काढून जुनी थडगीही उकरून हलवली होती. आजच्या पुरातत्त्व खात्याने आपल्या परीने ती परंपरा चालवली आहे म्हणायची. महिनाभर ग्रीसमध्ये सावकाश हिंडणाऱ्याच्या वाट्याला डेलॉसवर जहाजवाल्याइतकेच तास येतात. आणि कमी वेळात काही दिसतच नाही म्हणणाऱ्यांनी मार्क ट्वेनची आठवण ठेवावी. 1867मध्ये तो क्वेकर सिटी या जहाजातून भूमध्य समुद्रात आला. अ‍ॅथेन्सच्या पिरियस बंदरात साथीच्या भीतीने जहाजावर क्वारंटाइन लागलं, उतरायची बंदी झाली. ट्वेन आणि तिघे सोबती रात्री चोरून किनाऱ्यावर उतरले, द्राक्षमळे तुडवत अ‍ॅक्रोपोलिसवर गेले आणि चांदण्यात पार्थेनॉन बघून उजाडायच्या आत परतले. एका रात्रीत बघितलेलं त्याने जे लिहिलं ते लोक अजून वाचतात.

आता पैसेवाल्या निवृत्तांबद्दल. या टोमण्यातला पैशाचा भाग खरा आहे. लहान जहाजाचं भाडं माणशी मोठ्या जहाजाच्या कितीतरी पट पडतं, आणि ते तसंच पडणार, कारण खर्च वाटून घ्यायला माणसं थोडी. वयाचा भाग मात्र मला ओंगळ वाटतो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईंनी साठीनंतर सिराक्यूज बघायला जाऊ नये का? की पाठीवर पिशवी टाकून वसतिगृहात झोपता येत नसेल तर थुसिडिडीसवरचा हक्क संपतो? शिवाय या प्रकाराची वंशावळ चैनीची नाही. 1950च्या दशकात स्वॉन नावाच्या ब्रिटिश प्रवासी कंपनीने ग्रीक किनाऱ्यावर सफरी सुरू केल्या. खोल्या यथातथाच, पण दर मुक्कामाआधी जाणत्या माणसाचं व्याख्यान ठरलेलं. त्या व्याख्यात्यांत मॉर्टिमर व्हीलर होते, 1944 ते 1948 आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला रोमन मद्यकुंभांचे तुकडे ओळखून भारत आणि भूमध्य समुद्र यांचा जुना व्यापार ज्यांनी मातीतून वर काढला, त्याच माणसाने जहाजाच्या डेकवर ध्वनिक्षेपक हातात घेतला. त्यांना ते कमीपणाचं वाटलं नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तरी असं जहाज परकं वाटू नये. तो देव पंचगंगेच्या काठी पोहोचला त्या प्रवासातला बराच भाग पाण्यावरचा होता.

जाता जाता सांगतो, भारतीय पासपोर्टवाल्यासाठी खरा अडथळा कुणी मांडतच नाही. ग्रीसमधून तुर्कस्तानात आणि परत ग्रीसमध्ये जाणारं जहाज म्हणजे शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून पुन्हा आत येणं. त्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो आणि तुर्कस्तानचा वेगळा. एकदाच प्रवेश देणारा शिक्का घेऊन निघालात तर सामोसपुढे अडकलात. हा आक्षेप मी मान्य केला असता. पण त्यासाठी टीकाकारांनी व्हिसाचा अर्ज निदान उघडून वाचायला हवा होता.

समुद्र घाण होतो, हा आरोप उडवून लावता येत नाही आणि मी लावणार नाही. माणशी हिशेब केला तर आलिशान लहान जहाज अनेकदा मोठ्यापेक्षा जास्त इंधन जाळतं. इंधनातल्या गंधकाची मर्यादा 1 मे 2025पासून सगळ्या भूमध्य समुद्रात 0.5 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आली, पण त्याने कार्बन कमी होत नाही. नांगरांनी पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं उखडतात, आणि ती पुन्हा वाढायला शतकं लागतात. बालेअरिक बेटांनी 2018मध्ये या गवतावर नांगर टाकायला कायद्याने बंदी घातली ती याचसाठी. कोरिंथच्या कालव्यात तर थेट इतिहासच झिजला. जहाजं जमिनीवरून ओढून नेण्यासाठी प्राचीन ग्रीकांनी फरसबंद वाट केली होती, डायोल्कोस. आजच्या जहाजांच्या लाटांनी तिच्या पश्चिम टोकाचे दगड खचवले. हे सगळं खरं, आणि नांगर कुठे टाकता हे कंपनीला विचारण्याचा हक्क प्रत्येक उतारूने बजावावा.

पण हा आरोप करताना टीकाकार दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतात. भूमध्य समुद्रात फिरणारी काही जहाजं सहा हजारांवर उतारू घेऊन येतात. ती कुशादासीला लागली की त्या सकाळी एफेससच्या संगमरवरी रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. इटलीच्या सरकारने 1 ऑगस्ट 2021पासून 25 हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून हाकललं ते यांना. शंभर माणसांचं जहाज वेगळं. ते क्निडॉसला थांबू शकतं, जिथे मोठ्याला धक्काच नाही. आणि कोरिंथच्या कालव्यातून जाऊ शकतं, ज्याची रुंदी तळाशी एकवीसेक मीटर आहे. अशी जहाजं विखुरतात, गर्दी करत नाहीत. दोघांना क्रूझ म्हणून एकच शिवी घालणं म्हणजे मासेमारीच्या होडीला आणि ट्रॉलरला एकच कायदा लावणं, आणि त्याची फळं कोकणातल्या कुणालाही विचारा.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. ओडिसियसच्या वाटेने चला, असं छापून तिकिटं विकणाऱ्या कंपन्यांनी ही टवाळी स्वतः ओढवून घेतली आहे. ओडिसियसला घरी पोहोचायला दहा वर्षं लागली आणि त्याचे सगळे सोबती मेले. त्या वाटेने जायची हमी कुठलीही विमा कंपनी देणार नाही. व्याख्याता नसलेलं, डेकवर सूर्यास्ताच्या वेळी योगासनं आणि खाली मद्यचाचणी ठेवणारं, बंदरात शिरताना सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर बसवणारं लहान जहाज हे तरंगतं हॉटेलच आहे, तिथे टीकाकारांचं बरोबर आहे. प्राचीन खलाशी नोव्हेंबर ते मार्च समुद्र बंद ठेवत, रोमन लेखक व्हेजिशियसने 11 नोव्हेंबर ते 10 मार्च अशा तारखाच दिल्या आहेत; या कंपन्याही बहुतेक हिवाळ्यात बंद असतात. काहींच्या बाबतीत प्राचीनतेशी साम्य तेवढंच.

माझा आग्रह जहाज कंपनीसाठी नाही, पाण्यासाठी आहे. भाडं परवडत नसेल तर बोद्रुमहून कोसला, मार्मारिसहून ऱ्होड्सला, कुशादासीहून सामोसला साध्या फेरीबोटी जातात. कासहून केकोवाच्या बुडालेल्या भिंतींवरून दिवसभराच्या होड्या फिरतात, आणि उन्हाळ्यात दात्चाहूनही क्निडॉसकडे होड्या निघतात. सावकाश हिंडण्याचा अभिमान असलेल्या आमच्या मित्रांनी एक दिवस ती होडी घ्यावी, तोंड पुढे करून बसावं आणि भूशिराला वळसा पडला की फोन खिशात ठेवावा. त्यानंतरही समुद्रावरून वेगळं काही दिसलं नाही असं ते म्हणाले, तर वाद पुढे चालू ठेवायला मी तयार आहे.